दुपारी कडक होणारे तंतू

४ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. काल आमचे वकील म्हणाले, "निकालाची प्रत हातात आली, आता तुमचा त्यांचा काही संबंध उरला नाही." मी म्हटलं, "मुलाचा आणि सुनेचा नाही, कबूल. माझा आणि विहीणबाईंचा?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यासाठी कायद्यात कलम नाही." म्हणजे बघा, नातं जोडायचं होतं तेव्हा दोन्हीकडची माणसं जमली, भाषणं झाली; सुटलं तेव्हा आपल्या दोघांना कोणी विचारलंसुद्धा नाही. मी तरी विहीणबाईच लिहिणार. खटकलं तर खोडा आणि पुढे वाचा.

विषय टेबलाचा आहे. मागे आमच्याकडे जेवताना तुम्ही म्हणाला होतात, की रस्त्यावरून ट्रक गेला तरी तुमच्या त्या सूक्ष्मदर्शकाला हिसका बसतो. मी शब्द दिला होता, की हवेच्या उश्यांवर तरंगणारं टेबल करून देईन. ते तयार आहे. कारखान्याच्या दाराशी झाकून उभं आहे आणि येणारा-जाणारा विचारतो, "हे कोणाचं?" मी सांगतो, "आमच्या विहीणबाईंचं." परवा फोरमन म्हणाला, "मालक, पण आता..." त्याला दुसऱ्या कामाला लावलं.

मी शिकलेला माणूस नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या शेजारी झोपून मोठा झालो. कुठला नट ढिला झालाय ते अंथरुणातूनच ऐकू यायचं. त्याच कानांवर पुढे धंदा उभा केला. थरथर कशी अडवायची एवढी एकच विद्या माझ्याकडे आहे. ती तुमच्या कामी येत असेल तर नाही म्हणू नका.

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं "बाकी काय" आणि "बाकी बरं" यांच्यापुढे कधी गेलोच नाही. शिवाय तुमच्या तळघरात तो लागतही नाही.

पोरगी बरी आहे ना? तेवढं कळवा.

वकिलांना न विचारता, तुमचा
व्याही


१३ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

टेबल पाठवू नका. तुमच्या मनाबद्दल शंका नाही. पण जे नात्याच्या भरवशावर कबूल झालं होतं, ते नातं गेल्यावर घेणं मला जमायचं नाही. इथे विचारतील, कोणी दिलं? काय सांगू?

लेक बरी आहे. दवाखाना आहे त्याच रस्त्यावर तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझ्याकडे ये म्हटलं होतं. म्हणाली, "आई, तुझ्याकडे आले की हरून आल्यासारखं वाटेल." मी आग्रह धरला नाही. दिवसभर लोकांचे दात बघते, त्यामुळे तोंड उघडून बोलायची तिला घाई नसते.

मी नेमकं काय करते असं तुम्ही त्या जेवणाच्या वेळी विचारलं होतं आणि कोणीतरी मधेच वाढायला आलं, म्हणून राहून गेलं. आता लिहून टाकते. उंदराच्या मागच्या पायात मज्जातंतूंची एक जुडी असते. ती हळुवार सोडवली की एकेक तंतू सुटा होतो, केसाहून कितीतरी बारीक. तो खारट पाण्यात, काचेवर चिकटवायचा. वरून एक सुई येते. सुई म्हणजे तुम्हाला बोटात धरता येईल अशी नव्हे; एका लवचीक पट्टीचं टोक, आणि ती अख्खी पट्टीच डोळ्यांना धुळीच्या कणाएवढी. पट्टीच्या पाठीवर प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. सुईने तंतू दाबला की पट्टी वाकते, किरण सरकतो, आणि किती सरकला त्यावरून तंतू किती कडक ते कळतं. झटकन दाबलं तर तंतू आहे त्याहून कडक लागतो. फार खोल दाबलं तर तंतूच्या ऐवजी खालची काच उत्तर देते. म्हणून हळू, आणि जेमतेम.

म्हातारपणी हातापायांची जाणीव बोथट होत जाते. तशी होण्याआधी तंतू कडक होतो का, एवढा एकच प्रश्न मी धरून बसले आहे. मेअखेर निवृत्त होते, मग ही खोली दुसऱ्या विभागाला जाईल. आणि गेले काही आठवडे दुपार झाली की सगळेच तंतू कडक व्हायला लागतात. सकाळी मऊ, दुपारी कडक. तरुण उंदराचेही आणि म्हाताऱ्याचेही. तंतू असं करत नसतात. कुठेतरी गडबड आहे आणि ती मला सापडत नाही.

टेबलाची उंची किती आहे? नुसतं विचारून ठेवते.

नमस्कार.


१ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्याकडे टेबल उतरवून सुखरूप घरी पोचलो. पाठ धरली आहे, पण ती टेबलामुळे नव्हे, तुमच्या तळघराच्या जिन्यामुळे. असला जिना ज्याने बांधला त्याने आयुष्यात कपाट उचललेलं नसणार. माझी माणसं टेबल आडवं करत होती, उभं करत होती आणि तुमचे ते चष्मेवाले सहकारी वरून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. हात लावायला मात्र कोणी नाही. उंटावरचे शहाणे सगळीकडे सारखेच.

तुम्ही सगळ्यांना बाहेर काढून दार लावलंत, तेव्हा मी मागच्या भिंतीला कान लावून उभा होतो. तुम्हाला हसू आलं ते दिसलं मला. पण त्या भिंतीत गुणगुण आहे, विहीणबाई. वरच्या मजल्यावर हवा थंड करणारं यंत्र आहे, दुपारी त्याला जोर चढतो. तुमचे तंतू दुपारी कडक होतात ते त्याच्यामुळे. टेबलासकट मशीन समोरच्या भिंतीला न्या आणि मग बघा. नाही गुण आला तर माझे कान कापून त्या काचेवर चिकटवा.

तुमच्या खोलीत एकच खुर्ची आहे. तिच्यावर शाल, खाली डबा, शेजारी पाण्याची बाटली. घरी जाता की नाही?

तुम्ही सांगितलेलं ते "झटकन दाबलं तर कडक लागतं, हळू दाबलं तर मऊ" मी परतीच्या वाटेवर फोरमनला ऐकवलं. तो म्हणाला, "मालक, हे तर माणसांचंही खरं आहे." मला पटलं. भिंतीवर लिहून लावावं म्हणतो.

पोरीबद्दल चारचौघांत विचारलं नाही. कशी आहे?

तुमचा
व्याही


१८ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

कानांचं कौतुक आता आवरतं घ्या. तुमच्या सांगण्यावरून मशीन हलवलं. हलवल्यावर किरण पुन्हा जुळवणं, पट्टी पुन्हा तपासणं, यात दोन आठवडे गेले आणि माझ्याजवळ आठवडे मोजकेच उरलेत. शेवटी वरच्या लोकांच्या विनवण्या करून ते थंड हवेचं यंत्र एक अख्खा दिवस बंद ठेवायला लावलं. गुणगुण गेली. तंतू दुपारी कडक व्हायचे ते झालेच. चष्मेवाले म्हणाले, "मॅडम, तुमच्या व्याह्यांनी कान लावून बघितला, आता नाक लावायला बोलवा." मग जरा थांबून म्हणाले, "व्याही म्हणजे... अजून?" हल्ली वर चहाला जातच नाही.

टेबल मात्र उत्तम आहे. ट्रक गेलेले आता कळत नाहीत. हे लिहायला हवं म्हणून लिहिलं.

दुसरं, माझ्या तंतूंच्या म्हणी करू नका. ज्या कामात मी जन्म घातला त्याचे लोक सुविचार करून भिंतीला लावतात, हे मला सहन होत नाही. एक गोष्ट सांगते, तिच्यावरही काही लिहायचं नाही. मज्जातंतूंची ती जुडी शरीरात असते तेव्हा किंचित ताणलेली असते. बाहेरून बघून कळत नाही. कापली की दोन्ही टोकं मागे सरतात आणि मधे फट पडते. पुन्हा शिवायला घेतलं तर टोकांना टोकं पोचत नाहीत. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ही अडचण नेहमीची. हे शरीरशास्त्र आहे. एवढंच आहे.

लेक रविवारी येऊन गेली. माझी दाढ बघितली, किडली आहे म्हणाली. दुसरं काही बोलली नाही आणि मीही काढलं नाही.

नमस्कार.


२६ फेब्रुवारी

विहीणबाई,

कानाला खडा. चुकलो. धंद्यात असा चुकलो असतो तर गिऱ्हाईकाने दारात उभं केलं नसतं. तुम्ही निदान पत्र तरी पाठवलंत.

ते टोकं मागे सरण्याचं वाचलं. काही लिहीत नाही. मधली जागा कोरी सोडली आहे ती त्यासाठीच.



आता दुसरा तर्क. दिवसभर टोचून घेऊन तंतूच कंटाळत असेल का? हसू नका. मी कारखान्यात स्प्रिंगा बघितल्यात. सकाळी एक माप, संध्याकाळी दुसरं.

इथे सगळं ठीक. घर मोठं आहे, ते साफ करायला एक बाई येतात, त्या मला सोडून सगळं पुसतात. जेवताना रेडिओ लावतो, म्हणजे ताटासमोर कोणीतरी बोलत असतं. चिरंजीव कामात आहेत, भेटतात तेव्हा घाईत. फोरमन म्हणतो, मालक तुम्ही कारखान्यात उशिरापर्यंत का थांबता, आम्हालाही थांबावं लागतं. आता मी वेळेवर निघतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानाशी उभा राहतो. तिथे वजनकाटा दुरुस्त करून दिला, गरज नसताना.

पोरगी रविवारी येते हे वाचून बरं वाटलं. माझ्याबद्दल काही बोलते का? नको, राहू द्या. विचारू नका तिला.

तुमचा
व्याही


२१ मार्च

व्याहीबुवा,

कारण सापडलं. कारण मी आहे.

मागच्या आठवड्यात लेकीचा कार्यालयात फोन आला. शिपाई सांगायला खाली आला तेव्हा सुई नुकतीच तंतूवर उतरवली होती. तशीच सोडून, दार ओढून निघाले. संध्याकाळी परत आले तर त्या दिवसाची नोंद सकाळपासून शेवटपर्यंत सरळ. दुपार आली आणि गेली, तंतू मऊच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शेजारी बसले, दुपारी कडक. तिसऱ्या दिवशी मुद्दाम बाहेर बसले; सरळ.

सांगते. किरण नीट परतावा म्हणून पट्टीच्या पाठीवर धातूचा पातळ मुलामा असतो. खोली तापली की मुलामा आणि पट्टी सारख्या पसरत नाहीत, म्हणून पट्टी आपोआप वाकते. यंत्राला वाटतं, तंतूनेच जोर केला. माझी खोली केवढीशी, दार बंद. तिच्यात सकाळपासून एक माणूस बसलं, की दुपारपर्यंत त्याच्या अंगाची ऊब पुरते. यात नवीन काही नाही. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी मी हे शिकवते : सुई उतरवा आणि खोलीबाहेर जा. मीसुद्धा इतकी वर्षं जातच होते. वर जेवायला, चहाला, उगाच कोणाच्या टेबलाशी उभी राहायला. या हिवाळ्यात जाणं सुटलं. वर गेलं की सगळे लेकीची चौकशी करतात, गोड आवाजात. आणि घरी तर काय, कुलूपच. त्यापेक्षा इथे बसून किरणाचा तो लाल ठिपका बघत राहिलं की खोलीत काहीतरी चालू आहे असं वाटायचं. मी बसले म्हणून तंतू कडक झाले आणि मी महिनोन्‌महिने भिंतींवर, ट्रकांवर आणि तुमच्यावर संशय घेतला.

आता दाराबाहेर जिन्यावर बसते. मोजमाप उत्तम चाललं आहे, माझ्याशिवाय.

लेकीने फोन का केला होता ते तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्या चिरंजीवांचं पुन्हा ठरलं. तिला ते एका पेशंटकडून कळलं. बाई दात भरून घ्यायला आल्या होत्या, आधी गप्पा मारल्या आणि मग आ केला. लेकीने हात न हलू देता दात भरला, बाईंना दारापर्यंत सोडलं आणि मग मला फोन केला. मी पोचले तेव्हा हत्यारं धूत होती. म्हणाली, "आई, तू काही बोलू नकोस, नुसती बस." बसले.

२६ तारखेला तुम्ही लिहिलंत, "चिरंजीव कामात आहेत." हे काम होतं तर.

नमस्कार.


२९ मार्च

विहीणबाई,

मारा, पण आधी ऐकून घ्या.

ठाऊक होतं. लिहिलं नाही. कारण लिहिलं असतं तर तुम्ही शहाण्या बाईसारखं अभिनंदनाचं एक पत्र पाठवलं असतं आणि त्याच्या पुढे काहीच नाही. मला पुढचं पत्र हवं होतं. व्यवहारात मी कोणाला हातोहात फसवतो अशी माझी ख्याती नाही, पण थोडं लपवतो, सगळेच लपवतात. पोरीला ते परक्या बाईच्या तोंडून कळेल हे डोक्यात आलं नाही. तिथे मी कमी पडलो.

झालं सगळं, गेल्या सोमवारी. सरकारी कचेरीत सह्या आणि मग एका हॉटेलात जेवण. नव्या विहीणबाई भल्या आहेत. बोलतात फार. मी म्हटलं, "मी यंत्रांखाली घालायचे पाये बनवतो," त्या म्हणाल्या, "अय्या, आमच्याकडेही फर्निचर जुनं झालंय." नव्या व्याह्यांनी माझ्यापुढे गुंतवणुकीवर भाषण केलं, त्यांच्या मेहुण्याने तब्येतीवर. मागच्या खेपेला भाषणं लांबली होती तेव्हा तुम्ही पलीकडच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघून एक भुवई उडवली होतीत. आठवतं? तेवढ्यावर मी ते सगळं निभावून नेलं होतं. या वेळी सवयीने पलीकडे बघितलं. तिथे कोणीतरी सूप पीत होतं.

ती दोघं वेगळं घर घेऊन राहताहेत. बरंच झालं.

तुमच्या खोलीतल्या उबेचं वाचलं. दोनदा वाचलं. म्हण करत नाही. जिन्याची फरशी गार असते, खाली काहीतरी घालून बसत जा.

पोरगी रडली का हो? की तेही नाही? तिला माझा... काही नको. तुम्ही तिच्याजवळ बसलात ते बरं केलंत.

तुमचा, शिक्षा असेल ती मान्य,
व्याही


२४ एप्रिल

व्याहीबुवा,

शिक्षा केली होती. महिनाभर उत्तर दिलं नाही ना? ती संपली. आता दुसरंच उभं राहिलं आहे.

लेकीच्या घरमालकाला खोल्या परत हव्या आहेत. गेल्या रविवारी ती स्वतःहून म्हणाली, "आई, तुझ्याकडे येऊ का राहायला?" मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन आले. निवृत्तीनंतर त्या घरात मी काय करणार हा विचार मी अनेक महिने टाळत होते, तो तिने एका वाक्यात मिटवला. तिची जुनी खोली उघडली. पडदे धुतले. बुधवारी ती खोली बघायला आली, पलंग इकडे नको तिकडे असं सांगितलं, कपाटात डोकावली. मग पाणी प्यायला बाहेर आली आणि मेजावरचं तुमचं गेल्या महिन्याचं पाकीट तिला दिसलं. अक्षर ओळखलं.

"हे अजून लिहितात?"

"लिहितात."

"काय लिहितात?"

"टेबलाबद्दल."

"आणि तू उत्तर देतेस."

मी म्हटलं, "देते." तिने भांडं ठेवलं. "मग मी दुसरीकडे बघते. जिथे त्यांची पत्रं येतात तिथे मला राहायचं नाही." चपला घातल्या आणि गेली. मी दारात उभी.

ती माझी एकुलती एक. तिच्यासाठी मी कोणालाही सोडीन, हे उत्तर सोपं आहे. पण तुमचं पत्र आलं की मी ते घरी न फोडता इथे आणते आणि जिन्यावर बसून वाचते. ते बंद झालं तर जिन्यावर काय करू, हेही खरं आहे. काय करावं कळत नाही असं मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

नमस्कार.


२९ एप्रिल

विहीणबाई,

यात विचारायचं काय? पत्रं बंद.

पोरीला सांगा, थांबवली. आजच्या आज सांगा, उद्यावर टाकू नका. माझं काय, मला नवे व्याही, विहीण, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे जावई असं घाऊक भावात मिळालंय. तुम्हाला लेक एकच आहे. पडदे धुतलेत ते वाया घालवू नका.

याला उत्तर पाठवू नका. आलं तरी मी फोडणार नाही.

तुमचं मोजमाप चांगलं होऊ दे. टेबलाचा एखादा पाय कुरकुरला तर फोरमनला कळवा, मला नको.

व्याही


२६ मे

व्याहीबुवा,

फोडलंत. बरं झालं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. लेकीला म्हटलं, बंद झाली पत्रं. दोन दिवसांनी ती सामान घेऊन आली. मला वाटलं, आता घर बोलतं होईल. ती सकाळी जाते, संध्याकाळी येते, माझ्या हातची पिशवी घेते, मी जेवले का विचारते आणि दार लावून बसते. दाराखालून उजेड दिसतो. मी बाहेर, ती आत. एकटी होते तेव्हा निदान दोन्ही खोल्यांत मीच होते.

परवा जेवताना अचानक म्हणाली, "खरंच बंद केलंस?"

"तू म्हणालीस म्हणून."

"आणि त्यांनी? लगेच ऐकलं?"

"त्यांनीच सांगितलं बंद करा म्हणून."

ती हसली, पण कसंसंच. "वा. म्हणजे तुलाही सोडलं."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "घटस्फोट तू घेतलास. मी घेतला नव्हता. तुझ्यासाठी मीही घेतला, आणि आता वर टोमणे मारतेस?"

ती भाकरीचा तुकडा ताटातच फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, तुला टेबल आलं. तुला पत्रं आली. त्यांना इतकी वर्षं बाबा मी म्हणत होते. मी घर सोडलं त्या दिवसापासून मला त्यांची एक ओळ नाही. नवऱ्याचं मी समजू शकते, ते आमचं आमच्यात होतं. बाबांनी का सोडलं? आणि मग तुझ्या मेजावर त्यांचं अक्षर दिसतं."

मी उठून तुमची सगळी पत्रं आणली आणि तिच्यापुढे ठेवली. प्रत्येकात तुम्ही तिची चौकशी केली आहे, ते वाचून तिचं मन निवळेल असं मला वाटलं. तिने शांतपणे एकेक वाचलं. भिंतीला कान लावल्याचं वाचून हसली, हे सांगते. शेवटचं वाचून झालं तेव्हा तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "हे सगळं तुला विचारलंय. मला का नाही विचारलं?"

तिला तुमची पत्रं नको आहेत असं मी समजले, तुम्हीही तसंच समजलात आणि दोघांनी मोठ्या मनाने तेच केलं ज्याने तिला सगळ्यात जास्त लागणार होतं.

काम संपलं. उत्तर असं, की माझ्या मोजमापात तरुण उंदरांच्या आणि म्हाताऱ्या उंदरांच्या तंतूंत म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. जाणीव जाते, पण तंतू कडक होऊन जाते असं मला दाखवता आलं नाही. इतक्या वर्षांनंतर "सापडलं नाही" असं लिहून दिलं. खरं आहे ते लिहिलं, म्हणून वाईट वाटायला नको. पण चष्मेवाल्यांनी "असू दे मॅडम" म्हटलं तेव्हा वाटलं. यंत्र काल बंद केलं. किरण विझला तेव्हा खोलीत मीच होते. आता कोणाचं मोजमाप बिघडायचं राहिलं नव्हतं. टेबल नव्या विभागाला हवं आहे. देऊ ना?

तिला लिहा. मला मागाहून लिहिलंत तरी चालेल, नाही लिहिलंत तरी समजून घेईन. आधी तिला.

तुमची
विहीण


२ जून

पोरी,

तुझ्या आईचं पत्र परवा आलं. फोडणार नव्हतो, फोडलं.

तुला लिहायला मी बसलोच नाही असं नाही. बसायचो आणि पहिल्या ओळीला अडायचो. मुलाची बाजू घ्यावी तर तुझा अपमान. तुझी घ्यावी तर पोटच्या पोराला तुझ्यासमोर शिव्या द्यायच्या, आणि त्या तुलाच आवडल्या नसत्या. या दोन्हींच्या मधलं काही बोलायला मी शिकलो नाही. म्हणून तुझ्या आईच्या पत्रात शेवटी एक ओळ सरकवायचो आणि समजायचो, पोचली. लोकांची यंत्रं कुठे खडखडतात ते मी रस्त्यावरून जाता जाता सांगतो, आणि तू वाट बघत होतीस ते मला कळलं नाही.

आईचा राग धरू नकोस. पत्रं बंद करा असं मी म्हणालो. तिने फक्त तुझ्यासाठी ऐकलं.

आता लिहायला बसलोच आहे तर इथलं सांगतो. घर आहे तसंच आहे. चिरंजीव आणि ती रविवारी येतात. मुलगी चांगली आहे, तुझ्याबद्दल कधी वाकडं बोलली नाही, मी बोलूही दिलं नसतं. तुझी खोली बंद करून ठेवलेली नाही, त्यात आता माझे नमुने आणि रबराचे तुकडे पडलेत. तू बघितलंस तर ओरडशील.

सकाळी मी अजून बातम्या लावतो आणि मोठ्याने मत देतो. तू तोंडात ब्रश धरून आतून यायचीस आणि फेसाळल्या तोंडाने म्हणायचीस, "बाबा, साफ चूक!" मग चहा गार होईपर्यंत आपलं जुंपायचं. निम्म्या वेळा तू बरोबर असायचीस, ते मी तेव्हा कबूल केलं नाही. हल्ली कोणी खोडून काढत नाही. नवी सून "हो बाबा" म्हणते. फोरमन पगारासाठी हो म्हणतो. या घरात मी म्हणेन ते सगळं बरोबर ठरत चाललंय, पोरी, आणि त्याला काही चव नाही.

काल सकाळी मुद्दाम एक धडधडीत चुकीचं बोललो. मोठ्याने. रेडिओ बंद केला आणि कान देऊन बसलो. नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज आला.

बाबा